वर सात, खाली सात

परवा सकाळी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून गच्चीवर उभी होते. चहा संपला तरी पेला खाली ठेवावासा वाटेना. बोटांना त्याची ऊब बरी वाटत होती. मग माझं मलाच हसू आलं. म्हटलं, चला, सुया काढायचे दिवस आले.

तुमच्याकडे थंडी कशी कळते मला माहीत नाही. आमच्या इंदूरच्या परदेशीपुऱ्यात कोपऱ्यावर गराडूच्या कंदाचे काप तळायची कढई लागते, पोह्यांच्या गाडीवरची वाफ गल्लीच्या तोंडापासून दिसते, समोरच्या गच्चीवरच्या बायका मटारच्या शेंगा घेऊन उन्हाबरोबर सरकत सरकत बसतात, आणि आमचे हे कपाटातून कानटोपी काढून "यंदा जरा जास्तच आहे हं" असं दरवर्षी म्हणतात. माझ्या घरात आणखी एक खूण आहे. माझा कुंडीतला चीड थबकतो. टोकाच्या कळ्या घट्ट मिटून बसतात आणि मागच्या सालच्या सुया पिवळट पडून, आता आम्हाला उतरवा बाई, असं म्हणायला लागतात.

चीड म्हणजे पहाडातलं झाड, पाइन म्हणतात तेच. तिकडे ते आभाळाला टेकतं. माझं हातभर आहे, उथळ कुंडीत, दहा वर्षांचं. बोन्सायच्या जगात दहा वर्षं म्हणजे अजून दुधाचे दात. त्याला पानं नसतात, लांब हिरव्या सुया असतात, तीन-तीनच्या जुडग्यात, आणि प्रत्येक जुडग्याच्या बुडाशी एक बारीक तपकिरी टोपण. थंडीत जुने जुडगे काढायचे आणि नवे मोजून ठेवायचे, एवढंच ते काम. एवढंच म्हणतेय खरं, पण ह्या 'मोजून' शब्दाने मला जे काही शिकवलं ते सांगायलाच बसलेय.

तीस वर्षं मी घरी ब्लाउज शिवले. हुक आणि काजं करून करून बोटं बारीक कामाला सरावलेली, म्हणून असेल, हे जमतं. कोणी शिकवलं नाही. चिमटासुद्धा माझा मीच शोधून आणला, मल्हारगंजातल्या एका जुन्या दुकानातून, घड्याळजी वापरतात तो.

"घड़ी सुधारोगे क्या, अम्माजी?" दुकानदाराने विचारलं.

"नहीं भिया, झाड़ के बाल निकालने हैं."

त्याने माझ्याकडे दोनदा बघितलं आणि चिमटा कागदात न गुंडाळताच दिला.

डाव्या हाताने फांदी धरायची आणि उजव्याने सुई तिच्या वाढीच्या दिशेनेच ओढायची. उलटी ओढली की साल सोलून येते, ती जखम वर्षभर डोळ्यांत खुपते. एका वेळी एकच जुडगा. बोटांना चीक लागतो, तो साबणाला दाद देत नाही, खोबरेल तेलानेच निघतो. मग दिवसभर हातांना वास येतो, अर्धा डोक्याच्या तेलाचा आणि अर्धा पहाडाचा. पोळी लाटतानाही येतो. घरात कोणाची तक्रार नाही. असली तरी मी ऐकलेली नाही.

*

हे झाड आलं कुठून, ते आधी सांगते. माझा धाकटा भाऊ विलास फौजेत होता. आजोबा फौजेत, बाबा फौजेत, महूच्या आमच्या घरात भिंतीवर दोनच फोटो, एक बुद्धांचा आणि एक बाबांच्या पलटणीचा. विलास भरती होऊन निघाला तेव्हा मी त्याच्या पायजम्याला नाडी ओवून देत होते. म्हणाला, "ताई, तुझ्यासाठी काय आणू?" मी चिडवायला म्हटलं, "पहाड आण."

ते तो विसरला नाही. मधे सगळं आयुष्य गेलं, लग्नं झाली, पोरं झाली, केस गेले त्याचे. शेवटच्या पोस्टिंगवरून सुभेदार होऊन परत आला, तर ट्रंकेतून एक लोकरीचा मोजा काढला. मोज्यात चिडाचं फळ. लाकडी कमळ असावं तसं, खवल्याखवल्यांचं.

"ये ले ताई. पहाड."

खवले उन्हात उघडले तर आत पंख लावलेलं बी. अकरा निघाली. वाळूत पेरली, चार उगवली. पहिल्या वैशाखात दोन गेली, पुढच्या पावसाळ्यात एक बुडाशी कुजलं. राहिलं एक. विलास काही परत त्या पहाडात जाणार नव्हता, त्याच्या गुडघ्यांनी कधीच हात वर केले होते. म्हणजे हे एक गेलं की संपलं. नर्सरीवाला राठौर भिया तर पहिल्या दिवशीच बोलला होता, "काकीजी, पहाड़ी आइटम है. मई में पापड़ हो जाएगा."

पापड झाला नाही. मे महिन्यात मी त्याला हिरवी जाळी बांधली, मातीत विटांचा चुरा आणि कोळसा घातला, पाणी हाताच्या ओंजळीने दिलं. सहा वर्षांत त्याने अंग धरलं. शेंडा जोरात, मधे दोन फांद्या आणि सगळ्यात खाली दोन, एक डावी, एक उजवी. ह्या खालच्या दोन फांद्या म्हणजे झाडाचं झाडपण. त्या नसतील तर चीड उलट्या झाडूसारखा दिसतो.

आणि मग माझ्या हातून ती चूक झाली. चूक म्हणजे वेंधळेपणाने नाही हं. चांगली विचार करून, मान ताठ ठेवून केलेली.

*

आमची सून प्रज्ञा मूळची नाशिकची. विजय नगरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. तिचं मराठी असं स्वच्छ की माझ्या इंदुरी मराठीला तिच्यासमोर आंघोळ करून यावंसं वाटतं. पण पोरगी गुणाची. रविवारी गच्चीवर माझ्याजवळ बसून मोबाइलमधलं इंग्रजी वाचून मला मराठीत सांगते. त्या थंडीत तिने वाचलं:

"आई, यात म्हटलंय की शेंड्याच्या फांद्या जोमदार असतात, त्यांच्यावर कमी सुया ठेवायच्या. चार जुडगे. मधल्यांवर सहा-सात. सगळ्यात खालच्या फांद्या अशक्त, त्यांच्यावर दहा-बारा."

"असं का?"

"समतोल राहतो म्हणे."

"एकाला चार, एकाला बारा, हा कुठला समतोल गं?"

"मी फक्त वाचतेय, आई."

"मग वाच आणि ठेव बाजूला. माझ्या हातून असा दुजाभाव नाही होणार."

हे मी उगीच नाही बोलले. आमच्या बाबांचं लहानपण खानदेशात गावी गेलं. तिथे एका लग्नात त्यांना पंगतीपासून लांब, गोठ्याशेजारी बसवलं होतं आणि वरून, हात लागू नये असं, ताटात टाकलं होतं. त्या ताटाची गोष्ट त्यांनी आम्हाला आयुष्यात एकदाच सांगितली, पण वागले रोज त्यावरून. आमच्या घरी रविवारी मटण असायचं. वाढायचे बाबा. फौजेच्या लंगरात असतं तसं, सगळी ताटं ओळीने, प्रत्येकात मोजून तेवढेच तुकडे. पोरगा-पोरगी नाही, मोठा-धाकटा नाही, आईलासुद्धा तेवढेच आणि तेही आमच्याबरोबर बसून. हाड एखाद्याच्या वाट्याला जास्त आलं तर बाबा ते बदलून द्यायचे. अशा घरात वाढलेल्या बाईला तुम्ही चार आणि बारा सांगणार?

मी सगळ्यांना सात ठेवले. वर सात, मध्ये सात, खाली सात. प्रज्ञाला म्हटलं, "गिन ले." तिने मोजले, सगळीकडे सात. झाड असं सुबक दिसत होतं की मी विलासला फोटो पाठवला. बाबा असते तर त्यांनी पाठ थोपटली असती, असं मनात म्हणत मी हाताला खोबरेल चोळलं.

होळीच्या आसपास चिडाच्या कळ्या उभ्या राहतात, मेणबत्त्या लावाव्यात तशा. त्या वर्षी शेंड्यावरच्या मेणबत्त्या माझ्या करंगळीएवढ्या झाल्या, मग मधल्या बोटाएवढ्या. खालच्या फांद्यांवर तांदळाच्या कण्या. ज्येष्ठात खालची डावी फांदी विटकरी झाली. मी हलकेच हात लावला तर टक् असा आवाज झाला आणि ती माझ्या हातात आली. तो आवाज काही मोठा नव्हता, पण मी तिथेच बसले. फांदी पदराच्या गाठीत बांधून ठेवली. का, ते विचारू नका.

उजवीचा एकच झुपका उरला होता, तोही पिवळट. बाकी सगळी फांदी उघडी.

राठौर भिया येऊन बघून गेला. "काकीजी, ये नीचे वाली भी उड़ा दो. पुरानी लकड़ी में से अब कुछ नी निकलेगा. ऊपर-ऊपर का सोचो. काय को टेंशन ले रिये हो?"

"भिया, आपके हिसाब से तो ये मई में पापड़ होने वाला था," मी म्हटलं. बोलले जोरात, पण तो जिना उतरताच परत फांदीशी जाऊन बसले. अकरा बियांतलं एक झाड, त्याची एक फांदी, तिचा एक झुपका. तेवढ्यावर सगळं टांगलेलं.

*

मग आली ती थंडी, तीन वर्षांपूर्वीची. गराडूची कढई दिसली की मला आजही तीच आठवते.

गच्चीवर ऊन पसरलेलं. बंद पडलेल्या मिलची चिमणी समोर, तिच्यावर दोन पोपट. हे खुर्चीत पेपर वाचत होते. मी पाटावर बसून चिमटा पुसत होते आणि प्रज्ञा शेजारी उभी होती. तिने अगदी हळू, जणू मांजरीला हाक मारावी तसं म्हटलं, "आई, यंदा चार-सात-बारा करून बघायचं का?"

आणि माझा भडकाच उडाला. "का म्हणून? वरच्यांनी काय पाप केलंय? स्वतःच्या जोरावर वर गेल्यात त्या. आणि खालच्यांनी असं काय पुण्य केलंय, की त्यांना एक्स्ट्रा?"

ह्यांनी पेपर खाली घेतला. "परत बोल."

"काय परत बोल?"

"आत्ता बोललीस तेच. पण हिंदीत बोल."

आमचे हे वीज ऑफिसात क्लार्क होते, पस्तीस वर्षं काढली. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तू नको, मीच बोलतो. 'तुम लोगों को एक्स्ट्रा क्यों?' पस्तीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत ऐकलं हे. डबा उघडला रे उघडला की. रिटायर झालो तेव्हा वाटलं, चला, सुटलो. आता घरच्या गच्चीवर पण ऐकायचं?"

आणि पेपर परत वर.

प्रज्ञा हसायला लागली ती कठड्याला धरून खाली बसेपर्यंत. मी मात्र चिमटा हातात घेऊन तशीच. कारण ह्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं असं थोडंच आहे? मी ते पाठ केलेलं होतं. ब्लाउजच्या मापाला येणाऱ्या बायका सहज बोलून जायच्या, "आपको क्या चिंता, आपके बेटे को तो सीट मिल ही जाएगी." तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या, त्या काढून मी शांतपणे सांगायचे, "हो ताई, तुमच्या मुलाचा अभ्यास घ्यायला आजोबा आहेत, दोन काका आहेत. माझ्या मुलाच्या आजीला अंगठा उठवावा लागायचा. दोघं एका रेघेवर उभे दिसतात तुम्हाला, पण कोण किती लांबून चालत रेघेपर्यंत आलंय, ते बघा की." अख्ख्या गल्लीला मी हे शिकवलं. आणि माझ्याच गच्चीवर, हातभर झाडासमोर, मी त्या बायकांसारखी टाचण्या टोचत बसले होते!

असं का झालं असेल, ह्याचा मी त्या दिवशी उन्हात बसून खूप विचार केला. आणि मला ते अंडं आठवलं.

विलास चार वर्षांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला. वाचला, पण नुसता पिंजरा उरला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या की धाप लागायची. तेव्हापासून बाबा रोज सकाळी त्याला एक उकडलेलं अंडं द्यायचे. एकट्याला. त्या मोजलेल्या ताटांच्या घरात ते एक जास्तीचं अंडं. मी नऊ वर्षांची होते, मला त्याचा पांढरेपणासुद्धा सहन व्हायचा नाही. एकदा धीर करून विचारलं, "बाबा, मला का नाही?"

बाबा म्हणाले, "तुला धाप नाही लागत, पोरी."

एवढंच. ते मला तेव्हा उत्तर वाटलंच नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळ ते अंडं माझ्या घशात अडकलेलं होतं आणि मी त्याला न्यायाचं नाव दिलं होतं. पुढे आई अंथरुणाला खिळली, सातवीत माझी शाळा सुटली, विलासची चालू राहिली. ते दुःख वेगळं आहे. ते सुयांच्या मोजणीत बसत नाही आणि मी ओढून-ताणून बसवणारही नाही. पण अंडं? अंड्याचं उत्तर बाबांनी तेव्हाच दिलं होतं. माझ्यासमोर कुंडीत एक धाप लागलेली फांदी होती आणि मी तिला सगळ्यांइतकंच देऊन वर म्हणत होते, बघा, मी किती बरोबर!

मी पाट पुढे ओढला. शेंड्यापासून सुरुवात केली. प्रत्येक टोकाला चार जुडगे ठेवले, बाकी काढले. शेंडा पिसं काढलेल्या कोंबडीसारखा दिसायला लागला. मधल्यांवर सात. खालच्या उजव्या फांदीवर मोजून चौदा जुडगे होते, काही पिवळट, काही अर्धे जळके. तिला चिमटा लावलाच नाही. पिवळी का असेना, जी सुई आहे ती तिची भाकरी आहे.

काम संपवून मागे सरकले आणि एक गोष्ट बघितली जी त्याआधी कधी बघितली नव्हती. खालच्या फांदीवर ऊन पडलं होतं. चांगला रुपयाएवढा कवडसा. सहा-सात वर्षांत त्या फांदीवर भर सकाळी असं ऊन पडलेलं मी पाहिलेलंच नव्हतं, कारण वर दाट छत्री होती. वरच्यांनी मुद्दाम अडवलं होतं असं नाही. त्या बिचाऱ्या फक्त वर होत्या.

*

त्यानंतरचे दोन-अडीच महिने मी कसे काढले ते आमच्या ह्यांना विचारा. सकाळी उठले की चष्मा लावून आधी गच्ची. ऊन गच्चीवर जसं फिरायचं तशी मी कुंडी फिरवायची, उजवी फांदी कायम उजेडाकडे. संक्रांतीला तीळ भाजता भाजता वर जाऊन आले, तर खाली तीळ करपले.

"कालचीच फांदी आहे," हे म्हणायचे, "एका रात्रीत काय मिशा फुटणार तिला?"

"तुम्ही पेपर रोज वाचता ना? त्यात काय रोज नवं असतं?"

प्रज्ञा ऑफिसला निघताना हेल्मेट घालून जिन्यावरून ओरडायची, "आई, काही?" मी वरून, "काही नाही!" संध्याकाळी परत, "आई, काही?" "काही नाही!" शेजारणीला वाटायला लागलं की सुनेला दिवस गेलेत आणि आम्ही सांगत नाही.

झुपक्यातल्या चौदांतले दोन जुडगे आपणहून गळले. बारा राहिले. त्या दिवशी मी जेवले नाही. अकरा होतील, दहा होतील, मग राठौर भियाचं खरं होईल, असं सारखं डोक्यात. पण बाराचे अकरा झाले नाहीत. माघ सरला तेव्हा त्या बारांचा पिवळेपणा बुडाकडून हिरवा व्हायला लागल्यासारखं वाटलं. म्हटलं, म्हातारीच्या डोळ्यांचा भास. कोणाला बोलले नाही.

होळीच्या आधीच्या रविवारी विलास महूहून आला. खाली पोहे भिजत होते. तो वर आला, सवयीने झाडासमोर उकिडवा बसला, गुडघे दोन्ही कडाकडा वाजले. मी पाठमोरी, जाळी घडी करत होते.

"ताई. ये क्या है?"

त्याचा आवाज असा की माझ्या हातातली जाळी सुटली.

"कुठे?"

"अगं इकडे ये, खाली बस, इथून बघ."

मी त्याच्या खांद्याला धरून बसले. झुपक्याच्या टोकाला कळी उभी राहत होती, ती होतीच. पण त्याच्या बोटाच्या अलीकडे, फांदीच्या उघड्या भागावर, ज्या जुन्या लाकडातून काही निघणार नाही असं ठरलं होतं तिथे, सालीतून एक हिरवा ठिपका बाहेर आला होता. मोहरीएवढा. त्याच्या शेजारी आणखी एक. आणि बुंध्याजवळ तिसरा, लालसर, ओला, आत्ताच डोळा उघडल्यासारखा.

मी अशी किंचाळले की मिलच्या चिमणीवरचे पोपट उडाले. समोरच्या गच्चीवरच्या बायका शेंगा टाकून कठड्याशी आल्या. "क्या हुआ, काकी? क्या हुआ?"

"डाली फूटी! मेरी डाली फूटी!"

त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रज्ञा एका पायात चप्पल घालून वर धावली, वाकून बघितलं आणि तिच्या त्या स्वच्छ मराठीचं सगळं पाणी झालं. "अय्यो आई, गज्जब हो गया!" तेव्हापासून ती आमची झाली, असं मी समजते. हे पिशवी घेऊन गेले आणि गरम जिलबी घेऊन आले. राठौर भियाला मी स्वतः बोलावणं धाडलं. तो आला, बघितलं, दोन्ही कान पकडले. "मान गए, काकीजी. अब आप सिखाओ, हम सीखेंगे."

पोहे खाताना मी विलासला अंड्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, एवढ्या वर्षांनी बोलून टाकते. त्याने तोंडातला घास कसाबसा गिळला.

"अंडं? ताई, मला त्याच्या वासाने उलटी यायची! बाबा समोर सावधानमध्ये उभे राहायचे. मी नाक दाबून गिळायचो. आणि रोज वाटायचं, ताईची काय मजा आहे, तिला खावं लागत नाही."

हे घ्या! इतकी वर्षं मी त्याचा हेवा करत होते आणि तो माझा. आम्ही दोघं असे हसलो की ह्यांनी पाणी आणून दिलं. हसू ओसरल्यावर विलास बशीकडे बघत म्हणाला, "पण भरतीच्या वेळी छाती मोजली ना, ताई, ती त्या अंड्यांची होती. नाहीतर मी कुठला जातोय पहाडात, आणि हे झाड कुठलं येतंय."

मी त्याच्या बशीत आणखी शेव टाकली. दुसरं काय करणार?

*

हे सगळं तीन वर्षांपूर्वीचं. पुढच्या थंडीत वर पाच आणि खाली बारा ठेवले. त्याच्या पुढच्या थंडीत सहा आणि नऊ. मला भीती होती की ज्यांच्याकडून दरवर्षी काढतेय त्या वरच्या फांद्या रुसतील. तसं काही झालं नाही. उलट त्यांची ती दांडगाई गेली, सुया आखूड आणि दाट झाल्या, आता शेंडा खरा देखणा दिसतो. आधी नुसताच उंच होता. कमी ठेवलं ते त्यांना शिक्षा म्हणून नव्हतं, त्यांच्या अंगात होतं म्हणून होतं. मला कोणी नऊ वर्षांची असताना हे असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण बाबा फौजी माणूस, एका वाक्यात सांगून मोकळे.

डावीकडची जागा रिकामीच आहे. तिथे खूण राहिली आहे, वाटाण्याएवढी. बघायला आलेले म्हणतात, इकडे वळवा कुंडी, ही बाजू झाकता येईल. मी झाकत नाही. ती माझ्या बरोबरपणाची खूण आहे, दिसू दे.

काल सकाळी बसले पाट टाकून. तोच चिमटा, तेच ऊन, चिमणीवर पोपटांची बहुतेक पुढची पिढी. उजवी फांदी आता माझ्या करंगळीएवढी जाड झालीय. तिला चार पोटफांद्या आहेत, त्या तीन मोहरीएवढ्या ठिपक्यांच्या आणि एक जुन्या झुपक्याची. गेल्या होळीला तिच्या मेणबत्त्या शेंड्याच्या बरोबरीने उभ्या राहिल्या, मी ब्लाउजच्या टेपने मापून पाहिल्या. काल पहिल्यांदा तिच्यावर इतक्या सुया होत्या की तिच्याही काढाव्या लागल्या. चिमटा तिला लागला तेव्हा मी क्षणभर थांबले. मग ओढला. सुई सरळ निघाली, सालीला ओरखडा नाही. चिकाचा वास आला, ताजा, भरपूर.

ह्यांनी कानटोपी सारखी केली. "मग? यंदा कोणाला एक्स्ट्रा?"

"कोणालाच नाही. पोचले सगळे."

"खरं की काय?"

"या, गिन लो."

त्यांनी पेपर ठेवला, चष्मा पुसला, गुडघ्यावर हात देऊन वाकले आणि बोट फिरवत मोजायला लागले. शेंड्याला सात. मधे सात, दुसरीकडे सात. मग त्यांचं बोट खाली यायला लागलं तसा मी त्यांचा हात धरला.

"थांबा. खालचं मी मोजणार."

आणि मी मोजले, मोठ्याने, समोरच्या गच्चीला ऐकू जाईल असे. खाली सात.